सात बेपत्ता, मुडदे सहा

१. ओळीत सहा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सहा मुडदे सापडले. एकाच फोल्डरमध्ये, एकाखाली एक, शिस्तीत. प्रत्येकाचं वजन शून्य केबी. रक्त कुठेच नव्हतं, कारण व्हिडिओ फाइलींना ते नसतं. सूनबाईंच्या चेहऱ्यावरचं मात्र तेवढ्यात उतरलं होतं.

सूनबाईंचं दुकान चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. जुन्या व्हिडिओ कॅसेट आणून द्यायच्या आणि आठ दिवसांनी त्यांच्या नव्या फाइली घेऊन जायच्या, असा धंदा. गिऱ्हाइकांशी बोलणं सूनबाईंकडे, यंत्रांशी बोलणं त्यांच्या दिराकडे. दिराला घरात धाकटा म्हणत. तो चाळिशीला टेकला होता, पण त्याच्यानंतर घरात कोणी जन्माला न आल्यामुळे ते पद अजून त्याच्याकडेच होतं.

"भाऊजी, जरा इकडे या."

"आलो. चहा तेवढा—"

"चहा राहू दे. काल संध्याकाळी चाळीस फाइली कन्व्हर्ट करायला लावून गेलात ना?"

"लावल्या की. एका दमात चाळीस. हे बघ वहिनी, चाळीसपैकी चाळीस यशस्वी. हिरवी पट्टी आहे."

"मग हे काय आहे?"

धाकट्याने वाकून वाचलं. "अंत. अध. दु. नि. प्रात. स्वत." तो थांबला. "व्हायरस असणार."

"व्हायरसला मराठी कधीपासून यायला लागलं?"

धाकट्याने चहाचा कप हळूच खाली ठेवला. घरात याचा अर्थ परिस्थिती गंभीर आहे असा होतो.

ती चाळीस चित्रणं एका हौशी नाट्यमंडळाची होती. चाळीसही नाटकांची नायिका एकच, सगळ्यांच्या अक्का. अक्का आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांनी यातलं एकही नाटक पाहिलं नव्हतं, कारण प्रत्येक वेळी त्या रंगमंचावर होत्या. चित्रण करायचे त्यांचे यजमान. ते गेले, कॅसेट माळ्यावर गेल्या, आणि मग अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. मागच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली, परवा पट्टी निघाली. आज संध्याकाळी पाच वाजता, शेजारच्या वाचनालयाच्या खोलीत, अठरा खुर्च्या मांडून, अक्का आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला नाटकात पाहणार होत्या. कुठलं नाटक आधी, तेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. 'दुःखाची सुट्टी'.

"मूळ फाइली असतील ना?" सूनबाईंनी विचारलं.

"जागा हवी होती. 'काम झालं की मूळ पुसून टाक' यावर टिक केली होती. त्यांच्या जागेवर आज आल्याआल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं लग्न भरलं."

"आणि कॅसेट?"

धाकट्याने कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं. बुरशीने खाल्लेल्या त्या कॅसेट एकदाच चालणार हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. त्या चालल्या, आणि फितीचा भुगा झाला. खोक्यात होता तो भुगा.

सूनबाईंनी पुन्हा मोजलं. धडधाकट फाइली तेहतीस. मुडदे सहा. "एकोणचाळीसच भरतात," त्या म्हणाल्या. "भाऊजी, सात नाटकं बेपत्ता आहेत आणि मुडदे सहाच आहेत. एकाचा तर मुडदासुद्धा नाही."

२. घरचा हेर

कोपऱ्यातल्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र खाली आलं. त्यामागे नाना होते. धाकट्याचे वडील, सूनबाईंचे सासरे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईच्या अठरा खुणा होत्या.

नाना चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. मजकूर छापायच्या आधी त्यातल्या चुका पकडायच्या, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर काम संपलं, पकडणं थांबलं नाही. किराण्याची यादी ते दुरुस्त करून वाण्याकडे पाठवायचे. एका भाच्याने परदेशातून लिहिलेलं प्रेमळ पत्र त्यांनी खुणा करून त्याला परत पाठवलं होतं. तेव्हा घराने एकमताने ठरवलं, की नानांनी दिवसा दुकानात बसावं. त्यानंतर दुकानाची पाटी तीनदा रंगवून झाली होती.

"मला वाचू द्या," नाना म्हणाले.

"नाना, हे वाचायचं काम नाही. तांत्रिक भानगड आहे."

"अक्षरं आहेत ना त्यात? मग सरक."

त्यांनी सहा नावं वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. हा छापखान्यातला रिवाज. उलटं वाचलं की अर्थ मध्ये लुडबुड करत नाही आणि नुसती अक्षरं दिसतात. मग त्यांनी चिरंजिवांची उलटतपासणी सुरू केली.

"काल काय वेगळं केलंस?"

"काही नाही."

"'काही नाही' हे उत्तर तू दहावीच्या निकालालाही दिलं होतंस."

"नाना! बरं, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली. परवा."

"मला न विचारता," सूनबाई म्हणाल्या.

"पण त्याच आवृत्तीने तेहतीस नीट केल्या ना? बिघडायचं असतं तर सगळ्याच बिघडल्या असत्या."

नानांनी मान हलवली. तर्क शुद्ध होता. चिरंजिवांकडून तो निघाल्याचं त्यांना थोडं आश्चर्य वाटलं, इतकंच. "आणि फाइलींना ही नावं कोणी दिली?"

"मूळ फाइलींना नुसते आकडे होते. एक ते चाळीस. नावांची यादी मंडळाच्या चिटणिसांनी पाठवली. ती मी सॉफ्टवेअरला दिली. नवी फाइल तयार करताना ते यादीतलं नाव उचलतं आणि तिला लावतं."

"तू यादी वाचलीस?"

"चाळीस नावं कोण वाचत बसतं?"

नानांनी मुलाकडे पाहिलं. एखाद्याने जेवणाच्या ताटात पाय दिला तर पाहावं, तसं.

इतक्यात जिन्यावर ठाम पावलं वाजली आणि साक्षात चिटणीस आत आले. वय सत्तरच्या पुढे, पाठ सरळ, हातात आजच्या कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा. सूनबाईंनी जड मनाने त्यांना सांगितलं, की सात नाटकं सापडत नाहीत आणि त्यात 'दुःखाची सुट्टी' आहे.

"'दुःखाची सुट्टी' गेली?" चिटणीस ओरडले. "सुटलो!"

आणि मग त्यांनी घाईघाईने तोंडावर हात ठेवला.

३. सुटलेला माणूस

"बसा," नाना म्हणाले. ज्या स्वरात ते म्हणाले त्या स्वरात उभं राहणं शक्य नव्हतं.

"तसं नव्हे हो. मला वाईटच वाटलं. सुटलो हे आपलं निघून गेलं."

"का निघून गेलं?"

चिटणिसांनी रुमाल काढला. "त्यात मी वकिलाचं काम केलं होतं. तिसऱ्या प्रवेशात दाढी गळून पडली. ती अक्कांच्या चहाच्या कपात पडली. अक्कांनी ती चमच्याने काढून मला दिली आणि म्हणाल्या, 'वकीलसाहेब, तुमचा पुरावा.' संहितेत असं काही नव्हतं. प्रेक्षक पाच मिनिटं हसत होते. एकतीस वर्षं मला लोक रस्त्यात 'पुरावा' म्हणतात."

धाकटा खोकला. सूनबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हणजे हे चित्रण नाहीसं व्हावं असं तुम्हाला वाटत होतं," नाना म्हणाले.

"वाटायचं काय, मी रोज प्रार्थना करायचो."

"आणि बाकीच्या सहा नाटकांत?"

"'निःशब्द पाहुणे'मध्ये मी निःशब्द पाहुणा होतो. दुसऱ्या अंकात बोलून बसलो."

"'प्रातःकाळचा चोर'?"

"चोर मीच. पण घर चुकलं. म्हणजे दुसऱ्याच दारातून आत आलो."

"'स्वतःचीच सासू'?"

"त्याबद्दल मी बोलणार नाही."

नाना पुढे झुकले. "म्हणजे बेपत्ता सातही नाटकांत तुमची फजिती झाली आहे."

"नाना," चिटणीस दुखावल्या आवाजात म्हणाले, "मंडळात पुरुष चौघंच होते. मी चाळीसही नाटकांत होतो. आणि चाळीसही नाटकांत माझी फजिती झाली आहे. मला पुसायचंच असतं तर मी सातांवर का थांबलो असतो?"

या युक्तिवादात एक करुण ताकद होती. नानांनी चिटणिसांचं नाव मनातल्या यादीतून खोडलं. मग सवयीने त्याच्या कडेला 'तूर्त' असं लिहिलं.

"यादी तुम्ही टाइप केलीत?"

चिटणिसांची पाठ आणखी सरळ झाली. "हापिसात छत्तीस वर्षं मराठी टंकलेखक होतो. मिनिटाला पंचावन्न शब्द. एकाही कागदावर खाडाखोड नाही. आता कॉम्प्युटरवर करतो, पण बोटं तीच. एक ते चोवीस नावं मी केली. मग खांदा भरून आला. पुढची सोळा अक्कांच्या भाचीने फोनवर केली."

"ही भाची कशी आहे?"

चिटणिसांनी इकडेतिकडे पाहिलं. "तसं सांगू नये. पण काल ती मला म्हणाली, 'काका, काही नाटकं मावशीच्या डोळ्यांसमोर येता कामा नयेत.'"

४. डोळ्यांत पाणी नको

सूनबाईंनी फोन करून बोलावल्यावर भाची साडेअकराला आली. शाळेत गणित शिकवत असल्यामुळे ती ठरलेल्या वेळेला आली आणि खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभी राहिली.

"हो, म्हणाले मी तसं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मावशीला आठ दिवस रडायला मना केलंय. म्हणून म्हटलं, रडवणारी नाटकं आज नकोत."

"गेलेली नावं ऐका," नाना म्हणाले. "'अंतःपुरात दोन उंदीर'. 'अधःपात गृहरचना संस्था'. 'दुःस्वप्न विकणे आहे'. 'दुःखाची सुट्टी'. अंत, अधःपात, दुःस्वप्न, दुःख. वेचून काढल्यासारखी रडकी नावं आहेत."

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. "आजोबा, तुम्ही यांतलं एकतरी नाटक पाहिलंय का? 'अधःपात'मध्ये सगळ्या इमारतीचा जिना एका माणसाच्या घरातून जातो. 'दुःखाची सुट्टी' म्हणजे मंडळाचा सगळ्यात मोठा फार्स. मंडळाची रडकी नाटकं दोनच. 'सोनेरी सकाळ' आणि 'आनंदी कुटुंब'. ती दोन्ही तुमच्या तेहतीसमध्ये ठणठणीत असतील."

सूनबाईंनी बघितलं. होती. दोन-दोन जीबीची.

"मावशी पहाटे पाचपासून उठून बसलीय," भाची म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला. "केसांना काय लावू, चष्मा घालू की नको, पहिल्या रांगेत बसू की दुसऱ्या. मी म्हटलं, अगं तू बघायला जाणार आहेस, करायला नाही. तर म्हणते, 'पहिलाच प्रयोग आहे गं.' तिला सांगायचं कोणी, सांगा."

खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी मोठ्याने अक्षरं वाचत होतं आणि चुकत होतं.

"यादीतली शेवटची सोळा नावं तुम्ही टाइप केलीत," नाना शेवटी म्हणाले. "त्रास झाला का?"

"फोनवर सवय आहे. एका नावासाठी मात्र कीबोर्ड पार तिसऱ्या पानापर्यंत उलटावा लागला."

नाना एकदम ताठ बसले. "सूनबाई," ते म्हणाले, "ती यादी छापून आणा. मोठ्या अक्षरात. गुन्हा कसा झाला ते मला कळलं आहे."

५. मान कुठे मोडली

यादी आली. नानांनी टेबलावर पसरली, भिंग काढलं, आणि सगळ्यांना भोवती उभं केलं. ही वेळ येईल म्हणून ते बहुधा चाळीस वर्षं थांबले होते.

"मुडद्यांची नावं बघा. अंत, अध, दु, नि, प्रात, स्वत. हे पूर्ण शब्द नाहीत. ही धडावेगळी झालेली डोकी आहेत. आता यांची धडं शोधा. अंत, पुढे विसर्ग, मग 'पुरात दोन उंदीर'. अध, विसर्ग, 'पात'. प्रात, विसर्ग, 'काळचा चोर'. प्रत्येकाची मान एकाच ठिकाणी मोडली आहे. विसर्गापाशी."

धाकटा टाळी वाजवून म्हणाला, "म्हणजे सॉफ्टवेअरला विसर्ग चालत नाही! नव्या आवृत्तीचा दोष! माझा नाही!"

"आणि सातवा?" भाचीने विचारलं. "ज्याचा मुडदाच नाही?"

"दुःखाची सुट्टी आणि दुःस्वप्न," नाना म्हणाले. "दोघांचं डोकं एकच. दु. एका थडग्यात दोघे आहेत."

चिटणिसांनी टोपी नसतानाही टोपी काढल्यासारखं केलं. भाचीने हिशेब पडताळून मान डोलावली. नाना खुर्चीत मागे रेलले आणि चष्मा पुसू लागले.

"नाना," सूनबाई हळूच म्हणाल्या. त्या एकट्याच यादी शेवटपर्यंत वाचत होत्या. "क्रमांक एकतीस."

"काय आहे?"

"'निःसंकोच सासरे'. यात विसर्ग आहे. आणि फाइल धडधाकट आहे. पूर्ण नाव, दोन जीबी. आत्ताच लावून पाहिली, सासरे नाचतायत."

६. तळाची ओळ

दुपारचे दोन वाजले. तर्काची इमारत कोसळल्यावर नाना वर्तमानपत्राआड गेले होते आणि वर्तमानपत्र उलटं होतं. भाची मावशीला काय सांगायचं याचा कागदावर मसुदा करत होती. चिटणीस स्वतःला दोष देत होते, की आपण रोज प्रार्थना करायला नको होती.

"जाऊ दे," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा ओढला होता. "अक्कांना मीच सांगतो. टिक मी केली होती. निदान फोल्डर तरी साफ करतो. हे सहा डोळ्यांसमोर नकोत." त्याने सहाही मुडदे एकदम निवडले आणि बोट डिलीटच्या कळीवर नेलं.

"थांब!"

वर्तमानपत्र उडालं. नाना पडद्याजवळ आले होते आणि त्यांचं बोट खिडकीच्या अगदी तळाशी टेकलं होतं, जिथे बारीक अक्षरांत एक ओळ असते आणि जी मुद्रितशोधक सोडून कोणी वाचत नाही.

"ही डिस्क कोरी होती?"

"नवीकोरी. याच कामासाठी घेतली."

"त्यावर काय काय आहे?"

"तेहतीस फाइली. दोन-दोन जीबी. आणि हे सहा शून्य."

"म्हणजे सहासष्ट. मग इथे 'व्यापलेली जागा ऐंशी' असं का लिहिलंय?"

भाचीने मसुदा बाजूला ठेवला. "चौदा जास्त," ती म्हणाली. आणि मग, फळ्यासमोर उभी असल्यासारखी, सावकाश, "सात गुणिले दोन."

"खोकी रिकामी आहेत," नाना म्हणाले, "आणि हमाल वाकलाय. माल आत आहे. चिरंजीव, त्या कळीवरचं बोट आधी उचल."

धाकट्याने बोट असं उचललं, जणू खालची कळ तापली होती.

"आता पुन्हा एकतीस," नाना म्हणाले. ते भिंग घेऊन यादीवर वाकले. "हा एक विसर्ग जगला, बाकीचे सात मेले. एकतीसचा कोणी टाइप केला?"

"मी," भाची म्हणाली. "तोच तर सापडत नव्हता. तिसऱ्या पानावर होता."

"आणि हे सात?"

"मी," चिटणीस म्हणाले. "ते तर झटक्यात आले."

"कुठल्या कळीने?"

"विसर्गाच्या! दोन टिंबांच्या. आमच्या हापिसातल्या मशीनवर त्याला एकच कळ होती. 'दुःख'लाही तीच आणि 'विषय'च्या पुढेही तीच. छत्तीस वर्षं."

नानांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत पाणी नव्हतं, पण फार दूर नव्हतं. "छापखान्यात दोघांच्या खिळ्यांचे खाने वेगळे होते," ते म्हणाले. "हे बघा. एकतीसचा विसर्ग. दोन बारीक पोकळ गोळे, अक्षराला बिलगून. आणि हे बघा. दोन भरीव ठिपके, लांब उभे, परक्यासारखे. हा विसर्गच नाही. हा कोलन आहे. अपूर्णविराम."

"सारखंच दिसतं हो," चिटणीस पुटपुटले.

"माणसाला सारखं दिसतं. सगळा देश तसंच लिहितो, मी चाळीस वर्षं खुणा करत आलो. पण यंत्राला—" ते थांबले, कारण इथे त्यांचं ज्ञान संपत होतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच, काहीतरी विचारायला.

धाकट्याचं तोंड उघडंच होतं. "कोलन," तो म्हणाला. "अरे देवा. फाइलच्या नावात कोलन चालत नाही. म्हणजे चालतो, पण त्याचा अर्थ वेगळा. कोलनच्या आधीचं ते फाइलचं नाव. कोलनच्या पुढचं म्हणजे त्या फाइलीच्या आतला चोरकप्पा. सॉफ्टवेअरने 'दु' नावाची रिकामी फाइल केली, आणि सगळा सिनेमा तिच्या चोरकप्प्यात भरला. म्हणून ते यशस्वी म्हणत होतं. खरंच यशस्वी झालं होतं! फक्त बाहेरून दिसत नाही."

"दु या एका फाइलीला दोन कप्पे," भाची म्हणाली.

"आणि तुम्ही आत्ता ते कचऱ्यात टाकत होतात," सूनबाई म्हणाल्या.

"ती खूणच सांगत होती," नाना म्हणाले. "पूर्णविराम नव्हताच हा. अपूर्णविराम होता." आणि ते इतके खूश झाले, की त्यांनी चिटणिसांचा हात हातात घेतला.

"मग काढा की बाहेर!" चिटणीस म्हणाले.

"काढतो," धाकटा म्हणाला. "पण एक अडचण आहे. चोरकप्पा नावाने हाक मारल्याशिवाय उघडत नाही. आणि नाव जसं लिहिलं होतं तसंच लिहावं लागतं." त्याने कीबोर्ड नानांकडे सरकवला. "गुन्हा तुम्ही शोधलात. मान तुमचा."

७. अशुद्ध

नानांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडी होती आणि पांढरी रेघ लुकलुकत होती.

"मी लिहू? चुकीचं?"

"अक्षरशः चुकीचं."

नानांनी एका बोटाने सावकाश टाइप केलं. दुःखाची सुट्टी. एंटर.

"फाइल सापडली नाही," पडदा म्हणाला.

"नाना, तुम्ही शुद्ध लिहिलंत."

"हात तिकडेच जातो रे."

दुसऱ्यांदाही हात तिकडेच गेला. घड्याळात चार वाजायला आले. भाचीचा फोन वाजला. मावशी वाचनालयात येऊन बसली होती, एक तास आधी, पहिल्या रांगेत.

"नाना," सूनबाई म्हणाल्या, "एकदा. अक्कांसाठी. मी कोणाला सांगणार नाही."

नानांनी चष्मा काढला, म्हणजे आपण काय लिहितो ते दिसणार नाही. मान दुसरीकडे वळवली. दु. मग बोट कोलनच्या कळीवर थांबलं आणि खाली गेलं. मग खाची सुट्टी. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून घडलेली ही पहिली अशुद्ध ओळ. एंटर.

पडद्यावर काही आकडे सरसरले. फोल्डरमध्ये एक नवी फाइल उगवली. दोन जीबी. धाकट्याने ती उघडली, आणि दुकानभर टाळ्यांचा कडकडाट, पडदा सरकल्याचा आवाज आणि एका बाईचा खणखणीत स्वर घुमला, "कोण आहे तिकडे? दुःख असेल तर उद्या या, आज सुट्टी आहे!"

चिटणीस खुर्चीवर उभे राहिले. भाचीने मसुद्याचे चार तुकडे केले. सूनबाईंनी दिराच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग तोच हात त्याच्या डोक्यावरून फिरवला. उरलेली सहा नाटकं नानांनी एकापाठोपाठ एक अशुद्ध लिहून बाहेर काढली, आणि शेवटचं काढताना ते गुणगुणत होते.

पाच वाजता वाचनालयाच्या खोलीत अठरा खुर्च्यांवर सव्वीस माणसं होती. पडद्यावर अक्का आल्या, सत्तेचाळीस वर्षांच्या, हातात ट्रे.

"ही मी?" अक्का म्हणाल्या. "एवढे हात उडवते मी? अरे, कोणी सांगितलं का नाही मला?"

मग वकिलाची दाढी कपात पडली. पडद्यावरच्या प्रेक्षागृहात हशा उसळला. पण त्या सगळ्या हशाच्या अलीकडे, माइकला अगदी लागून, एक माणूस हसत होता. खो खो, श्वास अडकेपर्यंत, मधूनच "अगं बाई गं" म्हणत. त्याच्या हसण्याने चित्र हलत होतं.

"हे कोण हसतंय?" अक्कांनी विचारलं.

चिटणीस म्हणाले, "अक्का, कॅमेऱ्यामागे कोण असायचं?"

अक्का खुर्चीत वळल्या. "ते? ते हसायचे?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं, माणूस तिथे नव्हताच तरी. "घरी येताना मी विचारायचे, कसा झाला प्रयोग? तर दरवेळी एकच. 'बरा झाला. दुसरा अंक जरा लांबतो.' चाळीस प्रयोग! लबाड माणूस! ए मुला, मागे घे ते."

धाकट्याने मागे घेतलं. दाढी पुन्हा कपात पडली, तो पुन्हा हसला.

"आणखी एकदा."

पाचव्या वेळेला सगळी खोली त्याच्याबरोबर हसत होती, आणि अक्का सगळ्यांत मोठ्याने. मग त्यांनी नाटक पुढे चालू द्यायची परवानगी दिली, पण अट घातली, की तो जिथे जिथे हसेल तिथे तिथे मागे घ्यायचं. पहिला अंक साडेसहाला संपला. दुसऱ्यात तो आणखी हसला होता, आणि दुसरा अंक खरोखरच फार लांबला.